हॅनिबल, मिझुरी : एका नदीकाठच्या गावाची निवडक आठवण

जानेवारी १८९६. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात साठ वर्षांचा एक अमेरिकन लेखक उतरला होता. दिवाळे निघाल्यामुळे कर्ज फेडण्यासाठी जगभर व्याख्याने देत फिरण्याची वेळ त्याच्यावर आली होती. खोलीची व्यवस्था लावण्यासाठी एक धिप्पाड जर्मन गृहस्थ काही हिंदी नोकरांना घेऊन आला. सज्जाकडे उघडणाऱ्या काचेच्या दारापाशी एक नोकर गुडघे टेकून कामाला लागला. ते काम जर्मनाच्या मनाजोगे झाले नसावे. काय चुकले हे सांगण्याआधीच त्याने नोकराच्या जबड्यावर तडाखा लगावला. नोकराने तो निमूटपणे सोसला.

लेखकाचे नाव मार्क ट्वेन. असे दृश्य त्याने पन्नास वर्षांत पाहिले नव्हते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवले आहे की, त्या एका तडाख्यासरशी त्याचे मन मुंबईहून थेट मिझुरी राज्यातल्या बालपणीच्या गावात जाऊन पोहोचले. गुलामाला आपली इच्छा समजावून सांगण्याची तिथली रीत हीच होती, आणि नेमकी तीच गोष्ट तो विसरून गेला होता.

हा धागा त्या गावाविषयी आहे : त्याने कोणाला जपले, कोणाला जाऊ दिले, आणि कोणाचे नावही अनेक दशके घेतले नाही, याविषयी.

गावाचे नाव हॅनिबल. सेंट लुइस शहराच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरवर, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठी, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत ते वसले आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे जेमतेम सतरा हजार माणसे होती. वसाहतीचा आरंभ १८१९ सालचा. नाव मात्र हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणाऱ्या कार्थेजच्या सेनापतीचे. त्या काळच्या अमेरिकनांना प्राचीन नावांची भारी हौस होती. हॅनिबलपासून काही कोसांवर असलेल्या गावाचे नाव पल्मायरा आहे, आणि याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला एक कार्थेजही आहे. लाकडी घरे, चिखलाचे रस्ते, डुकरे आणि पिंपे यांनी भरलेल्या धक्क्यांना अशी भारदस्त नावे देताना कोणाला संकोच वाटला नसावा.

या गावाचा सर्वांत प्रसिद्ध सुपुत्र तिथे जन्मलेला नाही. सॅम्युअल क्लेमेन्स, म्हणजे पुढचा मार्क ट्वेन, याचा जन्म १८३५ साली फ्लोरिडा नावाच्या खेड्यात झाला. (हे फ्लोरिडा मिझुरीतलेच, दक्षिणेकडच्या राज्याशी त्याचा संबंध नाही.) तो चार वर्षांचा असताना, १८३९ मध्ये, कुटुंब हॅनिबलला आले. १८५३ मध्ये, अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, त्याने गाव सोडले. मधली चौदा वर्षे तेवढी हॅनिबलची. पण त्या चौदा वर्षांवर गाव शंभराहून अधिक वर्षे जगत आले आहे.

ती वर्षे सुखाची होती असे म्हणवत नाही. वडील जॉन मार्शल क्लेमेन्स वकिली, दुकानदारी, न्यायदान असे सगळे करून पाहत आणि बहुतेक ठिकाणी बुडत. याच वडिलांच्या कचेरीत १८४६ साली हॅनिबल ते सेंट जोसेफ या लोहमार्गाची योजना आखली गेली. १८५९ मध्ये तो पुरा झाला आणि मिझुरी राज्य आरपार ओलांडणारा पहिला लोहमार्ग ठरला. एप्रिल १८६० मध्ये घोडेस्वारांच्या प्रसिद्ध ‘पोनी एक्स्प्रेस’ची पहिली पश्चिमेकडची टपाल-थैली याच रुळांवरून सेंट जोसेफला पोहोचली. क्लेमेन्स यांना मात्र ते पाहायला मिळाले नाही. १८४७ च्या मार्चमध्ये ते वारले. अकरा वर्षांच्या मुलाची शाळा लवकरच सुटली आणि तो छापखान्यात खिळे जुळवायला लागला. नंतर थोरला भाऊ ओरायन याच्या वर्तमानपत्रातही त्याने तेच काम केले. पुढे त्याने आगबोटीवर काम केले आणि १८५९ मध्ये नदीवरच्या सुकाणूधाराचा परवाना मिळवला. लेखक म्हणून नाव झाले ते त्यानंतर.

१८७६ मध्ये ‘टॉम सॉयर’ आले. कादंबरीतले सेंट पीटर्सबर्ग म्हणजे उघडउघड हॅनिबल. चुना लावायचे कुंपण, गुहा, नदीतले बेट, टेकडी सारे ओळखू येणारे. शाळकरी बेकीमागे शेजारची लॉरा हॉकिन्स होती. हक फिनच्या मागे गावातल्या दारुड्याचा मुलगा टॉम ब्लँकनशिप होता. १८८४-८५ मध्ये ‘हकलबरी फिन’ प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तके एकाच गावातून निघालेली. पण त्यांच्यात मोठा फरक आहे. पहिल्या पुस्तकात गुलामगिरी इतकी मागे, इतकी फिकट आहे की मुलांच्या नजरेला ती पडतही नाही. दुसऱ्या पुस्तकाचा पायाच ती आहे : मालकीण आठशे डॉलरना आपल्याला न्यू ऑर्लिन्सकडे विकणार हे कानावर आल्यामुळे जिम पळतो, आणि तिथून कथा चालू लागते.

हॅनिबलने टॉमचे पुस्तक निवडले.

निवडीची सुरुवात १९११-१२ मध्ये झाली. क्लेमेन्स कुटुंबाचे हिल स्ट्रीटवरचे जुने घर पाडले जाण्याच्या बेतात होते. जॉर्ज महान या स्थानिक वकिलाने ते विकत घेऊन नगराला दिले. १९२६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी टॉम आणि हक यांचा कांस्य पुतळा उभा राहिला. ट्वेनच्या जन्मशताब्दीला, १९३५ मध्ये, टेकडीवर दीपगृह बांधले गेले. त्या वळणावर जहाजांना त्याची गरज नव्हती, ते निव्वळ स्मारक. त्याचा दिवा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबून लावला. १९५६ पासून दर वर्षी शाळेतल्या मुलामुलींमधून गावाचे अधिकृत टॉम आणि बेकी निवडले जातात. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास कुंपणाला चुना लावण्याची स्पर्धा होते, आणि अनवाणी मुले बादली-ब्रश घेऊन धावतात.

गुहा हेही मोठे आकर्षण. कादंबरीत टॉम आणि बेकी तिच्यात वाट चुकतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुखरूप बाहेर येतात. वास्तवात १० मे १९६७ रोजी हॅनिबलची तीन मुले गावाच्या दक्षिणेला रस्त्याच्या कामात उघड्या पडलेल्या भुयारांच्या परिसरात दिसेनाशी झाली. देशभरातून गुहातज्ज्ञ आले, आठवडे शोध चालला. मुले आजतागायत सापडलेली नाहीत.

त्याच रस्त्याने आणखी एक गाव गिळले. हॅनिबलच्या सीमेलगत ॲटलस कंपनीचा सिमेंटचा प्रचंड कारखाना होता. पनामा कालव्यात आणि एम्पायर स्टेट इमारतीत इथले सिमेंट गेले आहे. रोमानिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, इटली अशा देशांतून आलेल्या मजुरांची वस्ती कारखान्याला चिकटून वाढली. तिचे नाव इलास्को. ते कोणा संताचे किंवा सेनापतीचे नाव नव्हे. सिमेंटमधल्या घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ते बनले आहे. १९१० मध्ये मजुरांनी संप केला तेव्हा राज्याचे सशस्त्र मिलिशिया दल तिथे उतरवले गेले. १९६० च्या दशकात नव्या महामार्गासाठी वस्तीचा गाभाच उठवला गेला. आज त्या रस्त्याने पर्यटक टॉम सॉयरच्या गुहेकडे जातात.

मग हॅनिबलमध्ये खरोखर जन्मलेल्यांचे काय? त्यांची यादी सतरा हजारांच्या गावाला आश्चर्य वाटावे अशी आहे.

मार्गारेट टोबिन, जन्म १८६७. आईवडील आयर्लंडहून आलेले, घर एका गल्लीतले चार भिंतींचे, वडील मजूर. मुलगी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी तंबाखूच्या कारखान्यात पाने सोलू लागली. १८८६ मध्ये ती कोलोरॅडोतल्या लेडव्हिल या खाणींच्या गावी गेली आणि तिथे जे. जे. ब्राउन या खाणकामगाराशी तिचे लग्न झाले. १८९३ च्या सुमारास ‘लिटल जॉनी’ खाणीत सोने लागले, आणि ब्राउन पतिपत्नी श्रीमंत झाली. १९१२ च्या एप्रिलमध्ये ती टायटॅनिकवर होती. सहा क्रमांकाच्या बचावनौकेत तिने वल्हे हातात घेतले, बायकांनाही वल्ही मारायला लावली, आणि बुडणाऱ्यांसाठी मागे फिरावे म्हणून नौकेचा ताबा असलेल्या खलाशाशी वाद घातला. सुटका करणाऱ्या ‘कार्पेथिया’ जहाजावर चढल्यावर तिने सर्वस्व गमावलेल्या प्रवाशांसाठी निधी गोळा केला, आणि किनारा दिसण्याआधी जवळपास दहा हजार डॉलरचे आकडे पडले. १९१४ मध्ये लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला तेव्हाही ती मदत घेऊन पुढे आली. तंबाखूच्या कारखान्यातले दिवस ती विसरली नव्हती, असे मानायला जागा आहे. १९३२ मध्ये ती वारली. ‘मॉली ब्राउन’ हे नाव तिला हयातीत कोणी दिले नव्हते. ते १९६० च्या एका संगीतिकेने लोकप्रिय केले, आणि जग आज तिला त्याच नावाने ओळखते.

क्लिफ एडवर्ड्स, जन्म १८९५. चौदाव्या वर्षी तो घर सोडून सेंट लुइसला गेला. हातात युकुलेली, गळ्यात कमालीचा चपळ आवाज. ‘युकुलेली आइक’ या नावाने विसाव्या दशकात त्याच्या तबकड्या भरपूर खपल्या. ‘सिंगिंग इन द रेन’ हे गाणे १९२९ च्या बोलपटात पहिल्यांदा पडद्यावर आणणारा हाच. जीन केलीचा पाऊस त्यानंतर तेवीस वर्षांनी पडला. १९४० च्या ‘पिनोकिओ’तला रातकिडा जिमिनी क्रिकेट त्याच्याच आवाजात गातो. त्या गाण्याला ऑस्कर मिळाले आणि पुढे डिस्ने कंपनीची ती ओळखधूनच झाली. एडवर्ड्सच्या वाट्याला दारू, दिवाळे आणि घटस्फोट आले. १९७१ मध्ये तो धर्मादाय रुग्ण म्हणून वारला. मृतदेहावर हक्क सांगायला कोणी आले नाही, म्हणून तो वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला. नंतर डिस्ने कंपनीने थडग्यावरच्या शिळेचा खर्च उचलला.

विल्यम लिअर, जन्म १९०२, हा लहानपणीच आईबरोबर शिकागोला गेला. आठवीपलीकडे शिक्षण नाही. मोटारीतला रेडिओ, विमानाचे स्वयंचलित सुकाणू, आठ पट्ट्यांची ध्वनिफीत, आणि १९६३ मध्ये प्रथम उडालेले छोटे खासगी जेट ‘लिअरजेट’ ही त्याची कामगिरी. तिच्याशी हॅनिबलचा संबंध जन्मदाखल्यापुरताच.

रॉबर्ट कूंट्झचे तसे नाही. जन्म १८६४. समुद्रापासून हजारभर किलोमीटर दूर असलेल्या या नदीकाठच्या गावातून तो नौदलात गेला आणि १९१९ ते १९२३ या काळात अमेरिकी नौदलाच्या सर्वोच्च पदावर होता. त्याने आपल्या आत्मचरित्राच्या नावातच मिसिसिपी ते समुद्र हा प्रवास मांडला, आणि १९३५ मध्ये तो परतला तो मातीत मिसळण्यासाठी. त्याचे थडगे हॅनिबलमध्येच आहे.

हे चौघेही मोठे झाले ते गाव सोडून. हॅनिबलला त्याची खंत फारशी वाटत नसावी. ट्वेन तर होताच. अडचण अशी की ट्वेनला जे आठवत होते ते सगळेच गावाला नको होते.

त्याला काय आठवत होते? मिझुरी १८२१ मध्ये गुलामगिरीचे राज्य म्हणून संघराज्यात आले. नदीच्या पलीकडचे इलिनॉय मुक्त होते. स्वातंत्र्य इतके जवळ होते की काठावरून दिसायचे. हॅनिबलमध्ये कापसाचे अफाट मळे नव्हते. घरात एक-दोन गुलाम असत. ज्यांना विकत घेणे परवडत नसे ते वर्षाच्या बोलीने भाड्याने आणत. ही ‘सौम्य’ गुलामगिरी असल्याची समजूत त्या भागात रूढ होती. पण प्रत्येक गुलामाच्या डोक्यावर एक धाक टांगलेला असे : नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेच्या मळ्यांकडे, विकले जाण्याचा. धक्क्यावर दक्षिणेला पाठवण्यासाठी साखळीने जखडून ठेवलेली काळी स्त्री-पुरुषे ट्वेनने लहानपणी पाहिली होती. इतके दुःखी चेहरे आपण पुन्हा पाहिले नाहीत, असे त्याने म्हातारपणी सांगितले.

क्लेमेन्सांच्या घरात मुलांना सांभाळणारी जेनी होती; कर्जाच्या तगाद्यात वडिलांनी तिला गुलामांच्या व्यापाऱ्याला विकून टाकले. सँडी नावाचा भाड्याने आणलेला पोर होता. मेरीलँडमधल्या घरच्यांपासून तोडून आणलेला. तो दिवसभर गात, शीळ घालत असे. एकदा वैतागून सॅमने आईकडे तक्रार केली. तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला आपली आई पुन्हा कधी दिसणार नाही. तो गातो तेव्हा तिला आठवत नसेल एवढे तरी समाधान, गप्प बसला की भीती वाटते, अशा अर्थाचे ती बोलली. पण हीच बाई गुलामगिरीला पाप मानत नव्हती, हेही ट्वेनने नोंदवले आहे. तिने ते कोणत्याही व्यासपीठावरून कधी ऐकलेच नव्हते.

१८४१ मध्ये इलिनॉयमधल्या क्विन्सीहून तीन गुलामगिरीविरोधक नदी ओलांडून आले आणि काही गुलामांना पळून जायला मदत करू लागले. ते पकडले गेले. पल्मायराच्या न्यायालयात त्यांना प्रत्येकी बारा वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीत जॉन मार्शल क्लेमेन्स होते.

आणि मुंबईतल्या त्या सकाळी आठवलेली गोष्ट. वडील स्वभावाने कठोर पण न्यायी, मुलावर त्यांनी क्वचितच हात उगारलेला. घरातल्या लुइस नावाच्या गुलाम पोराला मात्र ते क्षुल्लक चुकांवरून थप्पड मारीत. दहा वर्षांचा असताना ट्वेनने आणखी एक प्रकार पाहिला होता. एका गोऱ्याने, काम धांदरटपणे केले म्हणून, गुलामाच्या डोक्यात लोहखनिजाचे ढेकूळ फेकून मारले. तो माणूस पडला, पुन्हा बोलला नाही, तासाभरात मेला. मारणाऱ्याला तसे करण्याचा अधिकार होता, हे त्या मुलाला ठाऊक होते. तरी ते काहीतरी चुकीचे आहे असे त्याला वाटले, पण का, ते सांगता आले नसते. गावालाही ते आवडले नाही. कोणी फारसे बोलले मात्र नाही.

ट्वेनने ही आठवण लिहिली ती वॉटसन हॉटेलच्या सज्जातल्या एका थपडेमुळे. हॅनिबलच्या पर्यटन-पत्रकांत तिला जागा मिळणे अवघडच होते.

१८४७ च्या उन्हाळ्यात हकच्या मूळ नमुन्याचा भाऊ बेन्स ब्लँकनशिप याने नदीतल्या बेटावर एका पळून आलेल्या गुलामाला लपवले. पकडून दिले असते तर बक्षीस होते. या फाटक्या मुलाने त्याऐवजी आठवडे त्याला चोरून अन्न पोहोचवले. शेवटी पाठलाग करणाऱ्यांच्या तावडीतून पळताना तो माणूस बुडाला. काही दिवसांनी पोरे बेटाजवळ गेली तेव्हा त्याचे प्रेत पाण्यातून वर आले. त्या पोरांत सॅमही होता.

याच १८४७ साली मिझुरीने काळ्यांना वाचायला शिकवणे कायद्याने गुन्हा ठरवले. सतरा वर्षांनी, राज्यात गुलामगिरी संपायच्या काही महिने आधी, ब्लांच ब्रूस नावाच्या तरुणाने हॅनिबलमध्ये काळ्या मुलांसाठी शाळा काढली. तो स्वतः गुलामगिरीत जन्मलेला. पुढे तो मिसिसिपी राज्यातून सिनेटवर निवडून आला आणि १८७५ ते १८८१ अशी पूर्ण मुदत काम करणारा पहिला कृष्णवर्णीय सिनेटर ठरला. टॉमच्या पुतळ्याशी आलेल्या पर्यटकांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले असेल?

१९०२ मध्ये ट्वेन अखेरचा हॅनिबलला आला. जुन्या घराच्या दारात उभा राहून त्याने छायाचित्र काढू दिले, लाकडाच्या व्यापारातून गबर झालेल्या क्रूइकशँक यांच्या नव्या वाड्याच्या जिन्यावरून जमलेल्यांशी बोलला, आणि निरोप घेताना रडला. गावाने त्याचे अश्रू जपून ठेवले.

बदल झाला तो बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून. १९९० च्या दशकात शेली फिशर फिशकिन या अभ्यासक गावात आल्या. गुलामगिरीचा मागमूसही दिसू न देणाऱ्या त्या मांडणीवर त्यांनी पुस्तकात कडक लिहिले. २००३ मध्ये हॅनिबलमध्येच वकिली करणारे टेरेल डेम्प्सी यांनी न्यायालयीन कागद आणि जुन्या वर्तमानपत्रांतल्या विक्रीच्या, फरारींच्या जाहिराती धुंडाळून गावातल्या गुलामगिरीचा इतिहास सिद्ध केला. ते पुस्तक गावातल्या सगळ्यांनाच रुचले असे नाही.

मग २०१३ मध्ये फे डँट यांनी ‘जिम्स जर्नी’ हे संग्रहालय उघडले. त्या हॅनिबलच्याच, गुलाम पूर्वजांच्या वंशातल्या. तिथे गावातल्या काळ्या कुटुंबांची छायाचित्रे, शाळेच्या आठवणी, रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत; आणि डॅनिएल क्वार्ल्स यांची ओळख आहे. डॅनिएल म्हणजे ट्वेनच्या मावशीच्या नवऱ्याच्या शेतावरचा गुलाम, रात्री चुलीपाशी मुलांना गोष्टी सांगणारा, कादंबरीतल्या जिमचा मूळ पुरुष. मालकाने त्याला १८५५ मध्ये मुक्त केले. २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘जेम्स’ या कादंबरीने तीच कहाणी जिमच्या तोंडून सांगितली, आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळाले.

‘जिम्स जर्नी’ ज्या छोट्या दगडी इमारतीत आहे ती गुलामांच्या हातांनी बांधली गेली, १८३९ साली. चार वर्षांच्या सॅमला घेऊन क्लेमेन्स कुटुंब हॅनिबलला आले ते त्याच वर्षी.